खेळाडूचा दुसरा व्यवसाय आणि सतरा नंबरचा फॉर्म

रॉजर स्टॉबॅक अकरा हंगाम अमेरिकी फुटबॉल खेळले आणि त्यांची रिअल इस्टेटच्या व्यवसायातली कारकीर्द अठ्ठेचाळीस वर्षांची झाली. डॅलस काउबॉइज संघाचे क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवणारे आणि चेंडू फेकणारे प्रमुख खेळाडू, म्हणून १९६९ ते १९७९ या काळात त्यांचे नाव अमेरिकेत घरोघरी पोचले. आयुष्यातली मोठी कमाई मात्र त्यांनी मैदानाबाहेर केली. तिची पायाभरणीही निवृत्तीनंतर झालेली नाही. संघात जागा पक्की होण्याच्या आधीच ते दुसरा व्यवसाय शिकू लागले होते. मुलाला आठवी-नववीतच शाळेतून काढून पूर्ण वेळ क्रीडा अकादमीत घालण्याचा विचार करणाऱ्या पालकांनी या कारकिर्दीतला हा क्रम बारकाईने पाहण्यासारखा आहे.

स्टॉबॅक यांचा जन्म १९४२ चा, ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरातला. अमेरिकी नौदलाच्या अॅनापोलिस येथील अकादमीत प्रवेश घ्यायचा होता, पण इंग्रजीच्या परीक्षेतले गुण कमी पडले. त्यामुळे त्यांना आधी एक वर्ष न्यू मेक्सिको मिलिटरी इन्स्टिट्यूटमध्ये काढावे लागले. त्यानंतर अकादमीत प्रवेश मिळाला आणि १९६३ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला दिली जाणारी हाइझमन ट्रॉफी त्यांनी जिंकली. शिक्षण चालू असतानाच डोळ्यांत रंगांधळेपणा असल्याचे निष्पन्न झाले. युद्धनौकेवर अधिकारी होण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला आणि ते नौदलाच्या पुरवठा विभागात गेले.

१९६४ च्या ड्राफ्टमध्ये डॅलसने त्यांना दहाव्या फेरीत निवडले. ड्राफ्ट म्हणजे व्यावसायिक संघांनी महाविद्यालयीन खेळाडूंना क्रमाने आपल्याकडे नोंदवण्याची पद्धत. हाइझमन विजेता इतका मागे राहण्याचे कारण सरळ होते. नौदलातली चार वर्षांची सेवा पूर्ण केल्याशिवाय त्यांना व्यावसायिक मैदानावर उतरता येणार नव्हते. या चार वर्षांतले एक वर्ष त्यांनी स्वतःहून मागून घेऊन व्हिएतनाममध्ये, चू लाय येथील तळावर, पुरवठा अधिकारी म्हणून काढले. माल कोठून येतो, कोठे साठतो, कोणाला कधी लागतो हे पाहण्याचे ते काम होते. १९६९ मध्ये ते डॅलसच्या संघात दाखल झाले तेव्हा त्यांचे वय सत्तावीस होते. त्या खेळात या वयापर्यंत बहुतेकांची कारकीर्द संपत आलेली असते.

पुढचे पाऊल सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि त्यांच्या यशाच्या गोष्टी सांगताना नेमके तेच गाळले जाते. पहिल्या दोन हंगामांत स्टॉबॅक राखीव क्वार्टरबॅक होते. पहिली पसंती क्रेग मॉर्टन यांना होती. घरी पत्नी आणि लहान मुले होती. एखादी दुखापत झाली असती तर उत्पन्न त्याच दिवशी थांबले असते. म्हणून १९७० पासून हंगाम नसलेल्या महिन्यांत त्यांनी डॅलसमधल्या हेन्री एस. मिलर या रिअल इस्टेट कंपनीत काम धरले. सुरुवात विम्यापासून झाली आणि तेथून ते व्यापारी जागांच्या व्यवहारांकडे वळले. सरावाला सुटी असली की इतर खेळाडू विश्रांती घेत. स्टॉबॅक ग्राहकांना भेटत, इमारती पाहत, करार वाचत. हा क्रम त्यांनी खेळातली सगळी वर्षे मोडला नाही.

खेळातली त्यांची कामगिरी थोडक्यात सांगता येते. १९७१ च्या हंगामाच्या मध्यावर ते संघाचे पक्के क्वार्टरबॅक झाले आणि जानेवारी १९७२ मध्ये डॅलसने मायामीला २४-३ असे हरवून सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदाचा अंतिम सामना, जिंकला. सामन्यातले सर्वोत्तम खेळाडू तेच ठरले. जानेवारी १९७८ मध्ये डेन्व्हरविरुद्ध २७-१० अशा विजयाने दुसरे अजिंक्यपद आले. पिट्सबर्गविरुद्धचे दोन अंतिम सामने मात्र ते हरले. १९७९ चा हंगाम आकड्यांच्या दृष्टीने त्यांच्या उत्तम हंगामांपैकी एक होता, आणि त्यानंतर लगेच, मार्च १९८० मध्ये, त्यांनी निवृत्ती जाहीर केली. डोक्याला वारंवार बसलेले मार हे त्यामागचे मोठे कारण होते. संघाला ते हवे होते आणि प्रेक्षकांनाही. तरीही ते थांबू शकले, कारण दुसऱ्या दिवशी जायला कार्यालय होते. खेळाव्यतिरिक्त काहीच हाती नसलेला खेळाडू डॉक्टरांचा सल्ला ऐकूनही आणखी एक हंगाम खेळतो आणि त्याची किंमत पुढे शरीर चुकते करते. वारंवारच्या आघातांनी मेंदूला होणाऱ्या इजेबद्दल माजी खेळाडूंनी अमेरिकी फुटबॉलच्या व्यावसायिक लीगवर खटले भरले आणि २०१५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीतून पुढे एक अब्ज डॉलरहून अधिक भरपाई द्यावी लागली.

खेळत असतानाच, १९७७ मध्ये, स्टॉबॅक यांनी रॉबर्ट हॉलोवे यांच्याबरोबर स्वतःची कंपनी काढली. १९८२ पासून ती ‘द स्टॉबॅक कंपनी’ या नावाने चालू लागली. त्या काळी व्यापारी इमारतींचे मध्यस्थ मुख्यतः मालकाच्या बाजूने काम करत. इमारत भरणे हे त्यांचे ध्येय असे आणि जागा घेणाऱ्या कंपनीला करारातली कलमे स्वतःच समजून घ्यावी लागत. स्टॉबॅक यांनी उलट बाजू घेतली. त्यांची कंपनी जागा भाड्याने घेणाऱ्याची प्रतिनिधी झाली: किती जागा लागेल, कोणत्या भागात लागेल, भाडे किती योग्य, करार किती वर्षांचा, मध्येच सोडायची वेळ आली तर काय, हे सर्व त्याच्या वतीने ठरवून घेणारी. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात टेक्सासमधल्या तेलाच्या आणि बांधकामाच्या बाजाराला मोठी घसरण लागली, कार्यालयांच्या इमारती रिकाम्या पडल्या. बांधणारे अडचणीत आले. जागा घेणाऱ्याचे पारडे मात्र जड झाले आणि त्याच्या बाजूने बसणाऱ्या सल्लागाराला काम राहिले.

कंपनी अमेरिकेतल्या अनेक शहरांत पसरली. स्टॉबॅक यांनी तिची मालकी एकट्याकडे ठेवली नाही. सहकाऱ्यांनाही भागीदारी दिली. २००८ च्या उन्हाळ्यात जोन्स लँग लासाल, म्हणजे जेएलएल, या जागतिक कंपनीने ती ६१ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेण्याचा व्यवहार केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली आणि जगभरचे मालमत्ता बाजार कोसळले, म्हणून व्यवहाराची वेळही जमून आली असे म्हणता येईल. पण विकायला तीस वर्षांत उभी केलेली कंपनी होती, हे वेळेपेक्षा मोठे. स्टॉबॅक त्यानंतरही जेएलएलच्या अमेरिका विभागाचे कार्यकारी अध्यक्ष म्हणून काम करत राहिले आणि २०१८ मध्ये निवृत्त झाले.

जागा भाड्याने घेणाऱ्या कंपनीच्या बाजूने व्यवहार ठरवण्याचे हे काम महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना सहज उपलब्ध आहे आणि तरीही करिअरच्या चर्चेत त्याचे नाव कोणी घेत नाही. जेएलएलची कार्यालये मुंबईत आणि पुण्यात आहेत. सीबीआरई, कुशमन अँड वेकफिल्ड, नाइट फ्रँक, कोलियर्स या कंपन्याही येथे काम करतात. वांद्रे-कुर्ला संकुल, ऐरोली, हिंजवडी, खराडी या पट्ट्यांत कार्यालयांच्या जागांचे व्यवहार वर्षभर चालू असतात, आणि प्रत्येक व्यवहारात जागा घेणाऱ्या कंपनीच्या बाजूने बसणारे कोणीतरी लागते. पालक मात्र या क्षेत्राकडे दलाली म्हणून पाहतात. पदवीधर मुलाने किंवा मुलीने इस्टेट एजंट व्हायचे का, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न विचारण्याआधी कामाचा आवाका पाहायला हवा.

समजा, एका कंपनीला पुण्यात भाडे आकारणीच्या हिशेबाने दहा हजार चौरस फूट जागा हवी आहे आणि मालक चौरस फुटाला महिना ८० रुपये मागतो. पहिल्या तीन वर्षांत महिन्याचे भाडे ८ लाख झाले. दर तीन वर्षांनी १५ टक्के वाढ हे सर्रास दिसणारे कलम धरले, तर पुढची तीन वर्षे ९ लाख २० हजार आणि त्यापुढची तीन वर्षे १० लाख ५८ हजार. नऊ वर्षांचे भाडे मिळून दहा कोटी रुपये होते. सल्लागाराने सुरुवातीचा दर ८० वरून ७५ वर आणला, तर नऊ वर्षांत सुमारे साडेबासष्ट लाख वाचतात. दराची घासाघीस हा कामाचा एक भाग झाला. आकारणीच्या क्षेत्रफळात प्रत्यक्ष वापरता येणारा कार्पेट एरिया किती, लॉक-इन, म्हणजे जागा सोडता न येण्याचा काळ, किती वर्षांचा, अनामत किती महिन्यांची, अंतर्गत सजावटीसाठी भाडेमाफीचा काळ किती, देखभालीचा खर्च कोणत्या हिशेबाने लागणार, जनरेटरची क्षमता पुरेशी आहे का, अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला आहे का, भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे का, हे सर्व तपासावे लागते. यातली एक गोष्ट नजरेतून सुटली, तर कंपनी वर्षानुवर्षे त्या चुकीचे पैसे भरते.

या कामाला वाणिज्य, कायदा, स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र किंवा व्यवस्थापन यांपैकी कोणतीही पदवी चालते. बांधकाम आणि रिअल इस्टेट व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण पुण्याच्या निकमारसारख्या संस्थेत मिळते. सुरुवात बहुधा बाजाराची आकडेवारी गोळा करणे, उपलब्ध जागांची यादी ठेवणे, ग्राहकाला जागा दाखवायला घेऊन जाणे अशा कामांनी होते. पहिली दोन-तीन वर्षे पायपीट असते आणि उत्पन्नाचा एक भाग पूर्ण झालेल्या व्यवहारांवर अवलंबून राहतो. ज्याला महिन्याच्या एक तारखेचा ठरलेला पगारच हवा आहे, त्याने इकडे वळू नये. घरांच्या विक्रीत मध्यस्थी करायची असेल, तर महारेराने २०२३ पासून एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली आहे. कार्यालये भाड्याने घेण्याच्या व्यवहारांना ती अट लागू नाही, पण त्या अभ्यासक्रमातून कायद्याची तोंडओळख होते, म्हणून तो करावा. जिल्हा किंवा राज्य पातळीवर खेळलेल्या मुलामुलींना या क्षेत्रात एक फायदा मिळतो. नकार ऐकून दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहण्याची त्यांना सवय असते आणि संघातल्या कोणाचे काम कोठे संपते व आपले कोठे सुरू होते हे त्यांना कळते. स्टॉबॅक यांच्या नावामुळे दारे उघडली हे खरे आहे. पण ग्राहक कंपन्यांनी करार त्यांच्या अभ्यासावर केले. हाइझमन ट्रॉफी पाहून कोणी दहा वर्षांचे भाडे ठरवत नाही.

खेळता खेळता दुसरा व्यवसाय शिकणारे ते एकटे नव्हते. मिनेसोटा व्हायकिंग्जचे अॅलन पेज खेळत असतानाच कायदा शिकले, १९७८ मध्ये त्यांनी मिनेसोटा विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली आणि १९९३ ते २०१५ या काळात ते त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते. बाल्टिमोर रेव्हन्सचे जॉन अर्शेल एमआयटीत गणितातल्या डॉक्टरेटचा अभ्यास करत करत खेळले आणि २०१७ मध्ये सव्विसाव्या वर्षी खेळ सोडून पूर्ण वेळ गणिताकडे गेले. स्टॉबॅक आणि पेज या दोघांनाही २०१८ मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान एकाच समारंभात मिळाला.

दुसरी बाजूही तितकीच ठळक आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आर्थिक अभ्यासात १९९६ ते २००३ या काळात ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूंचा मागोवा घेतला गेला. निवृत्तीनंतर बारा वर्षांत त्यांच्यातल्या सुमारे १६ टक्क्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केलेला होता. जास्त कमावलेले आणि जास्त वर्षे खेळलेले खेळाडूही या धोक्यापासून फारसे सुरक्षित राहिलेले दिसले नाहीत. दिवाळखोरीत गेलेल्या खेळाडूंमध्ये वॉरन सॅप आणि व्हिन्स यंग ही नावाजलेली उदाहरणे. दोघांनी कोट्यवधी डॉलर कमावले होते. ज्या वयात माणूस हिशेब शिकतो, त्या वयात सगळा पैसा येतो आणि ज्या वयात पैसा लागतो, त्या वयात तो येणे थांबते. खेळाडूंच्या संघटनेच्या गणिताप्रमाणे या लीगमधली सरासरी कारकीर्द साडेतीन वर्षेही भरत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न मुख्यतः क्रिकेटच्या निमित्ताने येतो आणि दर उन्हाळ्यात, निकालांच्या आसपास, त्याच शब्दांत येतो. मुलात चमक आहे, प्रशिक्षक म्हणतात शाळेमुळे सराव बुडतो, तर नाव काढून सतरा नंबरचा फॉर्म भरला तर चालेल का? हा फॉर्म शाळा अर्ध्यात सुटलेल्यांना दहावी-बारावीची परीक्षा बाहेरून देता यावी म्हणून आहे. कामाला लागलेली मुले, लग्नामुळे शिक्षण थांबलेल्या मुली, यांच्यासाठी ती मोठी सोय आहे. तेरा-चौदा वर्षांच्या सुदृढ मुलाला शाळेतून उठवण्यासाठी तिचा वापर करणे ही पालकांची चूक आहे. आयपीएलमध्ये दहा संघ आहेत आणि एका संघात जास्तीत जास्त पंचवीस खेळाडू, त्यांतही आठपर्यंत परदेशी. उरलेल्या जागांसाठी सगळा देश खेळतो आहे.

वरच्या खेळाडूंची उदाहरणे ज्या अमेरिकेतली आहेत, तिथे तर शाळा सोडून व्यावसायिक फुटबॉलमध्ये जाण्याचा मार्गच नाही. शालेय शिक्षण संपून तीन वर्षे झाल्याशिवाय खेळाडू ड्राफ्टला पात्र ठरत नाही, आणि ती वर्षे जवळजवळ सगळे महाविद्यालयात काढतात. महाविद्यालयाच्या वरच्या श्रेणीत खेळण्यासाठी शालेय विषयांत ठरावीक गुण लागतात. इंग्रजीत कमी पडले म्हणून स्वतः स्टॉबॅक यांना एक वर्ष थांबावे लागले होते.

या निर्णयांमागे बहुतेक वेळा मुलाची इच्छा नसते, वडिलांची असते. स्वतः जिल्ह्यापर्यंत खेळून थांबलेले वडील, शेत किंवा सोने विकून भरलेली अकादमीची फी, नातेवाइकांत केलेली घोषणा, आणि मग माघार घ्यायला जागा न उरणे. मुलाला हे सगळे कळत असते. गुडघा दुखतो हे तो सांगत नाही, कारण घरात किती पैसे गेले आहेत हे त्याने ऐकलेले असते. अशा मुलाचा खेळही बिघडतो. फी भरताना पालकांनी तो खर्च बुडाला असे समजूनच भरावा. तसे समजता येत नसेल तर भरू नये. कर्ज काढून तर मुळीच भरू नये.

अमेरिकी फुटबॉलच इथे खेळावा का, असाही प्रश्न आता येऊ लागला आहे, कारण त्याचा अंगाला न भिडता खेळायचा प्रकार, फ्लॅग फुटबॉल, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आहे. पुरुष आणि महिला गटांत प्रत्येकी सहाच संघ असतील. २०१२ मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया नावाचा प्रयोग झाला होता. त्यात ‘पुणे मराठाज’ नावाचा संघ होता आणि सामने कोलंबोत झाले. ती लीग टिकली नाही. आवड म्हणून हा खेळ अवश्य खेळावा. त्यावर उदरनिर्वाहाची आखणी करू नये.

खेळाला शाळेबरोबर ठेवण्याच्या सोयी राज्यात आहेत आणि त्या वापराव्यात. ठरावीक पातळीवर खेळलेल्या विद्यार्थ्यांना दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात, आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. रेल्वे, पोलीस, सैन्यदले खेळाडूंना घेतात. कोल्हापूर जिल्ह्यातले नेमबाज स्वप्नील कुसाळे २०१५ पासून मध्य रेल्वेत तिकीट तपासनिसाच्या नोकरीत होते आणि त्या नोकरीत असतानाच त्यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. नोकरीने त्यांचा सराव मारला नाही. अशा भरतीत पदके पाहिली जातात, तशी शैक्षणिक पात्रताही पाहिली जाते. दहावी किंवा बारावी नसलेल्या खेळाडूचा अर्ज पहिल्याच छाननीत बाजूला पडू शकतो.

मुलगा किंवा मुलगी चांगली खेळत असेल, तर सकाळ-संध्याकाळचा सराव चालू ठेवावा, शाळेशी बोलून स्पर्धांच्या काळातली हजेरी जुळवून घ्यावी, आणि अकरावीनंतरच्या प्रत्येक उन्हाळ्यात त्यांना एखाद्या कार्यालयात, दुकानात किंवा कारखान्यात काही आठवडे काम शिकू द्यावे. दहावीच्या आधी शाळेतून नाव काढायला सांगणाऱ्या अकादमीत मुलाला घालू नये. अशी अट घालणारी अकादमी, तिथला प्रशिक्षक कितीही नामांकित असला तरी, मुलाच्या हिताची नाही.